अजून एक आययूआय करायचं की सरळ आयव्हीएफ?

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा रात्री साडेदहाला फोन, ताई तीन आययूआय फेल गेले, डॉक्टर म्हणतात अजून एक करून बघू, घरचे म्हणतात आता सरळ टेस्ट ट्यूब करून टाका, मी काय करू. तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण आम्ही दोन्ही केलंय आणि चुकीच्या क्रमाने केलंय.

आययूआय म्हणजे नवऱ्याचं सीमेन (वीर्य) लॅबमध्ये वॉश करतात, चांगले पळणारे शुक्राणू वेगळे काढतात आणि अंडं फुटायच्या वेळेला बारीक नळीने गर्भपिशवीत सोडतात. दहा मिनिटांचं काम, भूल नाही, त्याच दिवशी ऑफिसलाही जाता येतं. पण पुढचं सगळं शरीरानेच करायचं, म्हणजे शुक्राणूंनी ट्यूबमध्ये, आपल्या गर्भनलिकेत, पोचायचं, तिथे अंडं मिळायला हवं, आणि झालेला गर्भ खाली येऊन रुजायला हवा. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूबमध्ये, अंडं आणि शुक्राणू लॅबमध्येच एकत्र आणतात. त्यासाठी आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शन, एकदोन दिवसाआड सोनोग्राफी, मग ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, ते अगदी घड्याळ लावून घ्यायचं कारण साधारण ३५ तासांनी भूल देऊन अंडी काढतात, तीन ते पाच दिवस गर्भ वाढवतात आणि मग आत सोडतात, त्याला ट्रान्सफर म्हणतात, शक्यतो एकच, जुळ्यांची जोखीम नको म्हणून.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आययूआयला निदान एक ट्यूब उघडी असावीच लागते, आयव्हीएफला ट्यूबची गरजच नाही. आमचं इथेच चुकलं. गावाकडच्या दवाखान्यात आमचे पाच आययूआय झाले, दर महिन्याला फॉलिकल स्टडी म्हणजे अंडं वाढतंय का बघायची सोनोग्राफी, दर महिन्याला "अंडं मस्त फुटलंय", आणि पंधरा दिवसांनी पाळी. सव्वा वर्ष गेलं. मग पुण्यात दुसरं मत घ्यायला गेलो तर मॅडमनी फाइल उलटसुलट चाळली आणि विचारलं, ट्यूब टेस्ट कुठंय? नव्हतीच. ती टेस्ट म्हणजे एचएसजी, डाय सोडून काढलेला ट्यूबचा एक्स-रे, त्याच्या टेबलावर मी मान वळवून पडद्याकडे बघत होते, डायची पांढरी रेघ वर गेली, उजवीकडे थांबली, डावीकडे फुगली आणि थांबली. दोन्ही बंद, एका ट्यूबमध्ये पाणी. कधीतरी झालेला आणि लक्षातही न आलेला टीबी हे आपल्याकडे ट्यूब बंद होण्याचं एक नेहमीचं कारण आहे, लग्नाआधी मला महिनोन्महिने बारीक ताप यायचा तो बहुतेक तोच असावा. त्या पाच आययूआयचा काही उपयोग होणारच नव्हता, आणि त्यात माझी पस्तिशी उलटली, तो राग अजून गेलेला नाही. ट्यूबमध्ये पाणी असेल तर ते गर्भपिशवीत झिरपून आयव्हीएफचंही यश कमी करतं, म्हणून माझी आधी दुर्बिणीतून ट्यूब काढली आणि मग पुढे गेलो.

म्हणून कुठलंही ठरवायच्या आधी तीन रिपोर्ट हातात हवेत. नवऱ्याचं सीमेन, ट्यूब टेस्ट, आणि अंड्यांचा साठा म्हणजे एएमएच ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी. नवऱ्याची टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची, तरी आपल्याकडे ती शेवटी होते, बायकोच्या दहा तपासण्या झाल्यावर. हे बदलायला पाहिजे.

वय ३५ च्या आत आहे, ट्यूब उघड्या आहेत, काउंट थोडा कमी आहे किंवा सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही दिवस राहत नाहीत, तर आययूआय जरूर करा. पण तीन, फार तर चार. होणार असेल तर बहुतेकींना त्यातच होतं, सहावा सातवा करण्यात फक्त महिने जातात. पीसीओडी असेल, म्हणजे दर महिन्याला अंडं नीट तयार होत नसेल, तर बऱ्याचदा तेही लागत नाही, वजन थोडं उतरवून आणि अंडं तयार होण्याच्या गोळ्या घेऊनच काम होतं, २६ वर्षांच्या पीसीओडीवाल्या मुलीला कुणी पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज सांगत असेल तर उठून दुसरीकडे जा.

दोन्ही ट्यूब बंद, शुक्राणू अगदीच कमी, चॉकलेट सिस्ट म्हणजे ओव्हरीतल्या जुन्या रक्ताच्या गाठींचा जास्त त्रास, किंवा वय ३८ च्या पुढे, यात आयव्हीएफला उशीर करू नका. वॉश केल्यावर पळणारे शुक्राणू ५० लाखांच्या खाली असतील तर आययूआयचा चान्स फार उतरतो, तिथे इक्सी करतात, एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईने सोडतात. एएमएच कमी आला म्हणून मात्र रडत बसू नका, तो किती अंडी उरलीत ते सांगतो, अंडी कशी आहेत ते वयावर असतं.

ढोबळ आकडे द्यायचे तर ३५ च्या आत एका आययूआयला शंभरात दहा-पंधरा जणींना दिवस राहतात, आयव्हीएफच्या एका ट्रान्सफरला तीस-चाळीस जणींना. पण ४३ नंतर स्वतःच्या अंड्यांवर आयव्हीएफलाही शंभरात पाचाच्या आसपासच. वय झालं तरी आयव्हीएफ आहेच ना, असं समजून खूप जणी थांबतात, तेवढं करू नका. वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर डॉक्टर गाठा, ३५ च्या पुढे असाल तर सहा महिन्यांतच, चाळिशीला लगेच.

पैशाचं म्हणाल तर आमचा एक आययूआय औषधांसकट बारा-पंधरा हजारांना पडला, आयव्हीएफची एक सायकल दोन लाखांच्या वर गेली. विचारायचं ते हे की इंजेक्शन पॅकेजमध्ये आहेत का, उरलेल्या गर्भांचं फ्रीझिंग वेगळं का, आणि पहिला ट्रान्सफर फेल गेला तर दुसऱ्याचे किती. गोव्यात असाल तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला आधी चौकशी करा, तिथे २०२३ पासून सरकारी सोय आहे. कुठेही गेलात तरी अशा उपचारांच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे सेंटर रजिस्टर्ड हवं, आणि बायकोचं वय २१ ते ५० तर नवऱ्याचं ५५ पर्यंतच चालतं.

अंगाला त्रास आयव्हीएफचाच जास्त. पोट फुगतं, आणि पीसीओडी असेल तर ओव्हरी जास्तच सुजायचा धोका, ते आधी सांगून ठेवा म्हणजे गर्भ फ्रीझ करून ट्रान्सफर पुढच्या महिन्यात ढकलतात. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी माझी इंजेक्शनं असायची, सासूबाईंनी पहिले दोन दिवस विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मूल नळीतच वाढतं का गं? त्यांना सांगितलं की मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून अशी मुलगी झाली, नऊ महिने आईच्याच पोटात वाढली, आणि २०१६ मध्ये ती स्वतः आई झाली. त्यानंतर रात्री नऊच्या इंजेक्शनची आठवण त्याच करायच्या.

आमचा पहिला ट्रान्सफर फेल गेला, दुसऱ्याला दिवस राहिले. दोन गर्भ अजून फ्रीझ आहेत, कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. बहिणीला विचारलं ट्यूब टेस्ट झालीय का, तर म्हणाली बघून सांगते. काल फाइलचे फोटो आले, तिचीही नाहीये. चौथा आययूआय थांबवलाय, मंगळवारी एचएसजी आहे, मी सोबत जाणारे.