8 मि.मी. ग्रेड 80 टू-लेग चेन स्लिंग: टॅगवर 2.8 टन, मग 4 चा फॅक्टर कुठे जातो?

ही क्रेनला अडकवून माल उचलायची साखळी: दोन लेग (साखळीचे पाय), वर क्रेनच्या हुकात अडकणारी मोठी कडी म्हणजे मास्टर लिंक, खाली लॅचचे (माल निसटू न देणाऱ्या खटक्याचे) हुक, लांबी कमी करायला ग्रॅब हुक. टॅगवर लिहिलंय: उभ्या रेषेपासून 45 अंशांपर्यंत 2.8 टन, 45 ते 60 अंशांत 2 टन. काम चोख आहे, पण या मालाचं खरं मोल कळायचं तर आकडे उलगडून बघायला हवेत.

ग्रेड 80 म्हणजे तुटताना कडीच्या छेदावर 800 न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताण. कडीच्या दोन बाजू मिळून छेद साधारण 100 चौ.मि.मी., म्हणजे तुटायचा भार जवळपास 8 टन. एका लेगची मर्यादा 2 टन, म्हणून सुरक्षेचा फॅक्टर, म्हणजे तुटायचा भार भागिले मर्यादा, 4. मात्र कारखान्यात टेस्ट होते ती 2.5 पटीला, म्हणजे 5 टनांना. त्यापुढे कडी तुटली नाही तरी कायमची लांबू शकते. तेव्हा "4 आहे, थोडं जास्त उचलू" हा हिशेबच चुकतो.

आणि तो 4 वाटेतच खर्च होत असतो. ढिली चेन न ताणता झटक्यात उचल घेतली की ताण सहज दुप्पट होतो, मग उरला 2. धारदार कडेवरून चेन वळली तर क्षमता निम्मी धरा. कडेला लाकूड किंवा पॅड द्या. चोकर लावला, म्हणजे चेन मालाभोवती फासासारखी आवळली, तर 80 टक्के. झीज तर अगदी गुपचूप खाते: कडीचा व्यास 8 चा 7.2 झाला की छेद 81 टक्क्यांवर येतो, तुटायचा भार साडेसहा टनांच्या आसपास, फॅक्टर 3.3. व्हर्नियरने दोन काटकोनी दिशांत मापून सरासरी काढा, ती 7.2 च्या खाली असेल तर स्लिंग बाद.

आवडलं नाही ते टॅगचं बांधकाम. पातळ तारेवर लटकतो, एक दिवस तुटणारच. आणि टॅग नसलेली स्लिंग वापरायची नसते. वजनही आहेच, नुसती चेन मीटरला सुमारे 1.4 किलो. पॉलिएस्टरचा पट्टा 7 चा फॅक्टर देतो आणि हलका असतो, पण धारेवर तो लगेच कापला जातो.

गरम कामाला 200 अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण क्षमता मिळते, 300 ते 400 मध्ये 75 टक्के. ॲसिडच्या टाकीजवळ मात्र ही घेऊच नका. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होतं आणि ते व्हर्नियरला दिसत नाही.