पेज, ग्रुप की ईमेल? छोट्या संस्थेने लोकांशी बोलावं कुठून

संस्थेला दोन-तीन वर्षं झाली की कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. काम चांगलं चाललंय, पण लोकांना माहीतच नाही. मग एक जण म्हणतो, फेसबुक पेज काढू. दुसरा म्हणतो, व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की. खजिनदार चष्म्यावरून बघत विचारतात, खर्च किती? आणि शेवटी बैठकीतल्या सगळ्यात तरुण स्वयंसेवकाच्या गळ्यात ते काम पडतं.

मी अशा संस्थांची पत्रकं, अहवाल, पोस्टी लिहून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्याला बहुधा ‘जास्त लोक कुठे बघतात’ एवढंच हवं असतं. मी आधी भलतंच विचारतो: उद्या ही सोय बंद पडली, तर तुमच्या वाचकांची यादी तुमच्याकडे उरते का? खालची सगळी तुलना याच प्रश्नावरून केली आहे. ती तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पेज: गर्दी त्यांची, जागाही त्यांची

पेजचा खरा गुण एकच, तो म्हणजे अनोळखी माणूस. ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्यासमोर तुमचं काम आपोआप जाण्याची सोय बाकी कुठल्याच माध्यमात इतकी नाही. २०१४ मध्ये लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत होते आणि पुढच्यांना आव्हान देत होते. त्या लाटेत अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. एएलएस हा चेतापेशींचा आजार त्याआधी कित्येकांना नावानेही ठाऊक नव्हता. ही कल्पना संस्थेच्या प्रचार विभागातून निघालेलीच नव्हती; लोकांमध्ये ती आपली आपण पेटली. पुढच्या वर्षी तेच आवाहन पुन्हा झालं, पण रक्कम पहिल्या वर्षाच्या जवळपासही गेली नाही. लाट येते तेव्हा भिजून घ्यावं, तिच्या भरवशावर वर्षाचं अंदाजपत्रक मांडू नये.

लाट नसलेल्या दिवसांत काय होतं? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे मित्र आणि घरच्यांच्या पोस्टींना वर जागा मिळेल, पेजच्या पोस्टी मागे पडतील. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘लाइक करा’ म्हणून माणसं जोडली होती, त्यांना आपल्याच माणसांपर्यंत पोचायला जाहिरातीचे पैसे मोजायची पाळी आली. त्यात बेकायदा काही नव्हतं. घरमालकाने भाडं वाढवलं, इतकंच. गूगल प्लस या गूगलच्या फेसबुकसारख्या सेवेने तर २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी घरच पाडलं.

माझा एक अनुभव इथे सांगतो, कारण चूक माझीही होती. एका संस्थेसाठी मी पोस्टी लिहून द्यायचो, टाकायचा त्यांचा एक स्वयंसेवक. पेज त्याने स्वतःच्या खात्यावरून काढलेलं. तो शिकायला परदेशी गेला, जुना मोबाइल नंबर बंद केला आणि खातं कुलूपबंद झालं. दुसरा ॲडमिन नेमलेलाच नव्हता, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. ते पेज आजही तिथे आहे. त्यावर जुना पत्ता आहे आणि लोक तिथे जाऊन शिबिर कधी म्हणून विचारतात. पेज काढायचंच असेल, तर पहिल्या दिवशी तीन ॲडमिन करा, त्यातला एक पदाधिकारी. पोस्ट नंतर टाका.

ईमेल: कंटाळवाणी, पण आपली

ईमेलचं नाव काढलं की बैठकीत जांभया येतात. कोण वाचतं आता ईमेल? पण यादी तुमच्या हातात राहते, हा तिचा गुण बाकी कोणाकडे नाही. सेवा पुरवणारी कंपनी आवडली नाही, तर पत्ते एका फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे जाता येतं. पेजच्या फॉलोअर्सना असं गाडीत घालून नेता येत नाही.

तोटे आहेत, आणि ते तांत्रिक आहेत. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांनाच पत्र जातं, त्यामुळे यादी वाढली की खास पत्रं पाठवणारी सेवा घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियमही आवळले. दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही ओळखपत्रं (पत्र खरोखर तुमच्याकडूनच आलंय, हे पटवणाऱ्या तांत्रिक खुणा) लागतात, शिवाय एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय. छोट्या संस्थेला हे सगळं लागू नाही, पण पहिल्या दोनांपैकी एक सगळ्यांनाच लागतं. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला सांगितलं तर तासाभराचं काम आहे. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: पत्र ‘स्पॅम’ म्हणून टाकणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हवं, म्हणजे हजारात तिघेही नकोत. कोणाकडून तरी मिळालेली किंवा विकत घेतलेली यादी वापरली की हे तिघे पहिल्याच पत्रात भेटतात आणि मग तुमचं पत्र खऱ्या वाचकांच्याही कचऱ्यात जायला लागतं.

‘किती जणांनी उघडलं’ या आकड्यावरही फार जाऊ नका. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी व्यवस्था दिली की वाचकाने पत्र उघडो न उघडो, मोजणाऱ्याला ते उघडल्यासारखं दिसू शकतं. पत्राला उत्तरं किती आली, ते मोजा. एका फिरत्या वाचनालयाचं मासिक पत्र मी लिहीत असे. विषय ठरलेला: ‘वार्तापत्र, अंक अमुक’. उत्तर शून्य. एकदा वैतागून विषय लिहिला, ‘चाळीस पुस्तकं परत आली नाहीत. का?’ आत खरोखरच तेवढीच हकीगत होती: कोणती पुस्तकं, कोणत्या वयाच्या मुलांनी नेली, आणि आम्ही ती मागायचं का सोडून दिलं. कधी नव्हे ती उत्तरं आली. दोघांनी स्वतःच्या घरातली पुस्तकं आणून दिली. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र ते पत्र आवडलं नव्हतं. आपलीच उणीव चव्हाट्यावर कशाला, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं चुकत होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते चव्हाट्यावर गेलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. पत्र आपल्या माणसांना गेलं होतं.

व्हॉट्सॲप: तिन्ही प्रकार वेगळे आहेत

‘आमचा ग्रुप आहे’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, ग्रुप, ब्रॉडकास्ट की चॅनल? तिघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. झाडं लावणाऱ्या संस्थेत याचं काही बिघडत नाही. पण व्यसनमुक्ती, मानसिक आरोग्य, कौटुंबिक हिंसा अशा विषयांत कोण कोण यादीत आहे, हीच सगळ्यात नाजूक माहिती असते. २०१५ मध्ये लंडनच्या एका दवाखान्याने एचआयव्ही सेवेचं वार्तापत्र पाठवताना पत्ते चुकीच्या रकान्यात घातले, आणि सुमारे ७८० जणांचे पत्ते एकमेकांना दिसले. पुढे त्याबद्दल १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. ती ईमेलमधली चूक होती. ग्रुपमध्ये ही चूक करावी लागत नाही. त्याची रचनाच तशी आहे. आणि शुभ सकाळच्या फुलांखाली शिबिराची तारीख कशी गाडली जाते, ते सांगायला नको.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय. ही यादी २५६ जणांची, आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. बाकीच्यांना काही जात नाही आणि ते तुम्हाला कळतही नाही. कित्येक संस्था वर्षानुवर्षं असं हवेत बोलत असतात.

चॅनल २०२३ मध्ये आलं. फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, कितीही माणसं जोडता येतात, फुलं टाकायची सोय नाही. एकतर्फी सूचनांसाठी मला हेच बरं वाटतं. मात्र यादी तुमच्याकडे नसते, हा पेजचाच रोग इथेही आहे. पेज आणि व्हॉट्सॲप अशी दोन माध्यमं आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत, हाही एक भ्रम. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद होते, कारण मालक एकच.

एसएमएस आणि कागद

थोडक्यात. एसएमएस साध्या फोनवरही जातो आणि तातडीच्या वेळी त्याला तोड नाही. २०१० च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसने एका एसएमएसमागे दहा डॉलर या पद्धतीने ३ कोटी २० लाखांहून जास्त डॉलर गोळा केले. पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, आणि यंत्र मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतं. ‘रक्तदान शिबिर’ ही डोळ्याला सात अक्षरं. यंत्राला मधल्या जागेसकट तेरा. तेव्हा तारीख, जागा, फोन नंबर. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ला जागा नाही.

छापील पत्रक महाग पडतं, पण ते दाराआड, टेबलावर राहतं. वर्षातून एकदा, अहवालाच्या रूपात, पुरे.

चेहरा की आकडा

माध्यम निवडताना आपण काय दाखवणार, हेही ठरत असतं. २००७ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना एकतर मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट दाखवली, किंवा आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे. रोकियाला दुपटीने देणगी मिळाली. दोन्ही एकत्र दाखवले तेव्हा देणगी परत घसरली. पेजवाले या प्रयोगाचा अर्थ एकच घेतात: रडता चेहरा टाका. तो चेहरा पुढे दहा वर्षं शोधयंत्रात सापडत राहतो, आणि ते मूल मोठं होऊन स्वतःचं नाव टाइप करतं. पेजवर काम करणारे हात दाखवा, पाठमोरी माणसं दाखवा. नाव-गाव असलेली गोष्ट, ज्याची ती आहे त्याच्या परवानगीने, ईमेलमध्ये सांगा. आकडे अहवालात ठेवा. ते मागणारा माणूस वेगळा असतो आणि तो अहवाल उघडतोच.

मग घ्यायचं काय

एकच स्वयंसेवक आणि आठवड्याला दोन तास असतील, तर महिन्याला एक ईमेल. पेज असू द्या, पण पाटीसारखं: पत्ता, फोन, पुढची तारीख. लाभार्थ्यांना रोज काही कळवायचं असेल, वर्गाची वेळ, डॉक्टर येण्याचा दिवस, तर चॅनल. मोहीम चालवत असाल आणि अनोळखी लोकांच्या सह्या हव्या असतील, तर पेजला पर्याय नाही. फक्त सहीच्या अर्जात ईमेलचा रकाना ठेवा, म्हणजे मोहीम संपल्यावर माणसं तुमच्याकडे उरतील.

आणि तुमचे लोक ईमेल खरोखर उघडतच नसतील, तर माझा आग्रह सोडून द्या. पुष्कळांचा ईमेल फोन सुरू करण्यापुरता काढलेला असतो, पासवर्ड दुकानदाराला माहीत. पुढच्या कार्यक्रमात वीस जणांना विचारून बघा, शेवटचं ईमेल कधी वाचलं. निम्म्यांनी तरी या आठवड्यातलं सांगितलं तर ईमेल, नाहीतर चॅनल आणि नंबरांची वही.

ती वही दारातल्या टेबलावर आधीपासून असतेच. नाव, नंबर आणि सही असे रकाने आखलेले असतात. त्यात आणखी एक आखा: ‘आम्ही कळवलेलं चालेल का?’ तिथे ‘नको’ लिहिणाऱ्याचा नंबर यादीत घेऊ नका.