ई-लोडरच्या कॅन वायरिंगला काय घ्यावं: शील्डवाली केबल, नुसती पिळलेली जोडी की फेराइट?

एक्सलेटर दाबला की डिस्प्ले कोरा, सोडला की परत जिवंत. कॅन म्हणजे कंट्रोलर आणि डिस्प्ले ज्या दोन तारांवरून (कॅन-हाय आणि कॅन-लो) एकमेकांशी बोलतात ती लाइन, आणि तिच्यात मोटरच्या तारांचा विजेचा गोंगाट घुसला की असं होऊ शकतं. इंदूरात ई-लोडरवाले, म्हणजे बॅटरीवरच्या मालगाडीवाले, हे दुखणं घेऊन येतात ना, तेव्हा महाराणी रोडवरून शील्डवाली केबल आणायचं आधीच ठरवून आलेले असतात. मी म्हणतो भिया, आधी मीटर काढा.

बॅटरी काढायची आणि कॅन-हाय ते कॅन-लो ओहम मोजायचे. 60 च्या आसपास आले तर बरोबर, कारण दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर असतात. 120 दिसले तर एक गायब आहे, आणि 40 दिसले तर तिसरा कुठूनतरी घुसलाय, बरेचदा नव्या डिस्प्लेच्या पोटातच बसलेला असतो अन् आपल्याला पत्ताच नसतो. रेझिस्टर नसला की सिग्नल टोकाला आपटून माघारी येतो, जास्तीचा असला की दबतो, मग केबल सोन्याची टाका, काही उपयोग नाही.

इथं सगळं ठीक असेल तरच पुढचं.

पिळलेली जोडी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त गाड्यांना तेवढीच पुरते. दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच चढतो, रिसीव्हर दोघांतला फरकच वाचतो, त्यामुळे गोंगाट आपोआप कटतो. इंचाला साधारण एक पीळ धरा. ड्रिल मशीनच्या चकमध्ये टोकं अडकवून फिरवलं की पाच मिनिटांत काम, फक्त कनेक्टरजवळ वीतभर पीळ उघडा सोडायचा नाही, सगळी मेहनत तिथंच वाया जाते.

शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं वेष्टण, महाग आणि नखरेल. मोटरच्या जाड तारांना चिकटूनच वायर न्यावी लागत असेल, दुसरा रस्ताच नसेल, तर घ्या, पण आतली जोडी पिळलेलीच हवी. शील्ड कुठंच जोडली नाही तर ती असून नसल्यासारखी, आणि दोन्हीकडे चेसिसला जोडली तर तिच्यातूनच करंट फिरू शकतो. मी एकच टोक जोडतो.

फेराइट म्हणजे तारांवर चढवायची, गोंगाट अडवणारी चुंबकीय मालाची रिंग; जुन्या गाडीतला जुगाड, वायरिंग न उसवता चढतं. दोन्ही तारा एकत्रच रिंगमधून काढायच्या, एकटी काढली तर सिग्नललाच मार बसतो.

नवीन वायरिंग करताय तर पिळलेली जोडीच टाका आणि मोटरच्या तारांपासून लांब न्या, ओलांडावंच लागलं तर काटकोनात. जुनी गाडी असेल तर आधी फेराइट लावून बघा, शील्डचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.