अनोळखी नंबर कोणाचा: कॉलर आयडी अ‍ॅप की स्वतः शोध?

अ‍ॅपचा मोठा फायदा वेगाचा. फोन वाजत असतानाच नाव दिसतं. पण ते बहुधा इतरांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा तक्रारीतून आलेलं असतं. ओळखीचा पुरावा नव्हे. नंबर दुसऱ्याला दिला गेला, तरी जुनंच नाव झळकत राहतं. शिवाय काही अ‍ॅप तुमची संपर्कयादी मागतात. ती परवानगी नाकारा, कॉल ओळखण्याची तेवढी द्या.

स्वतः शोधायला दोन-तीन मिनिटं लागतात. नंबर अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा, एकदा देशाच्या कोडसह, एकदा त्याशिवाय. मग तो तात्पुरता सेव्ह करून व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पाहा. खासगी नंबर असेल तर बरेचदा काहीच हाती लागत नाही.

स्क्रीनवरचा नंबरच बनावट असेल, तर दोन्ही उपाय फसतात. एसएमएसचं तर आणखी वाईट: पाठवणाऱ्याचं खोटं नाव वापरलेला मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसतो. अशा वेळी लिंक उघडू नका. कार्डामागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावा.

रोज अनोळखी फोन येत असतील तर अ‍ॅप घ्या. पैशांचा विषय निघाला, की अ‍ॅपने दाखवलेल्या नावावर अजिबात विसंबू नका.