चकती दाबून गरम होणारी शेकायची पिशवी: घ्यावी का?

मी भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा आखडतो, म्हणून ही पिशवी घेतली. नंतर ती वर्गातही न्यायला लागले. दोन्हीकडे ती इतकी उपयोगी पडली की सविस्तर लिहावंसं वाटलं.

जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, आत पाण्यासारखा दिसणारा द्रव आणि त्यात धातूची एक छोटी, किंचित बाक असलेली चकती. द्रव म्हणजे सोडिअम ॲसिटेट ट्रायहायड्रेट. त्याचा द्रवणांक साधारण 58 अंश सेल्सिअस, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते घट्ट असायला हवं. पण एकही स्फटिक शिल्लक न ठेवता वितळवलं आणि मग गार होऊ दिलं, तर ते द्रवच राहतं, दिवसेंदिवस. चकती बोटांनी मुडपली की 'टक्' असा आवाज येतो, तिच्या कडेला पांढरा ठिपका उमटतो आणि त्यातून बारीक सुयांचे स्फटिक चहूबाजूंनी फाकत जातात. काही सेकंदांत पिशवी पांढरी, कडक आणि चांगली गरम होते. हे कितीही वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नाही.

वर्गात मी तापमापीभोवती पिशवी गुंडाळून मगच चकती दाबते. पारा पन्नाशीच्या पुढे चढतो आणि तिथेच बराच वेळ टिकून राहतो. खरी गंमत त्या टिकण्यात आहे. रबरी पिशवीतलं गरम पाणी सुरुवातीला चटका देतं आणि मग सतत उतरत जातं. इथे आतला द्रव घट्ट होत असेपर्यंत उष्णता बाहेर पडत राहते, म्हणून तापमान फारसं हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. मुलं पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या घोकतात, इथे तो त्यांच्या तळहाताला जाणवतो.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या सुमारास ग्लासगोत हेच उलट बाजूने मोजलं होतं. एकाच खोलीत एका भांड्यात गोठणबिंदूजवळचं थंडगार पाणी ठेवलं, दुसऱ्यात तितकाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात 7 अंश फॅरनहाइट चढलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. एवढा वेळ उष्णता आत जात होती, पण तापमापीवर दिसत नव्हती. 1 ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 जूल लागतात. तेवढ्याच ऊर्जेत 1 ग्रॅम पाणी 0 वरून जवळजवळ 80 अंशांवर गेलं असतं.

आता पिशवीचा हिशेब. गरम पाणी 60 वरून 40 अंशांवर उतरताना ग्रॅममागे सुमारे 84 जूल देतं. सोडिअम ॲसिटेट ट्रायहायड्रेट घट्ट होताना ग्रॅममागे 260 जूलच्या आसपास देतं. यातली सगळी ऊर्जा खांद्याला मिळत नाही, कारण खोलीच्या तापमानाची पिशवी आधी स्वतः तापते आणि त्यात बराच वाटा खर्च होतो. तरीही त्याच वजनाच्या गरम पाण्यापेक्षा ती सरस ठरते. शिवाय शेक हवा त्या क्षणी पाणी तापवत बसावं लागत नाही.

पुन्हा वापरण्यासाठी मात्र पिशवी उकळत्या पाण्यात ठेवावी लागते, आणि इथे घाई चालत नाही. भांड्याच्या तळाशी कापड घाला, म्हणजे प्लॅस्टिक तळाला चिकटणार नाही. बाहेर काढल्यावर उजेडात धरून चकतीजवळ आणि शिवणीच्या कोपऱ्यांत नीट बघा. एखादा पांढरा कण जरी राहिला, तरी गार होताना तो बाकीच्या द्रवाला घट्ट करतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. आत धातू आहे, त्यामुळे मायक्रोवेव्ह नाहीच.

नाराजी आहे ती वेष्टनाबद्दल. माझ्या पिशवीवर 'रासायनिक क्रियेने उष्णता' असं छापलंय. ते लोखंडाची पूड असलेल्या, एकदा वापरून टाकायच्या पुड्यांना लागू पडतं. तिथे लोखंडाचं ऑक्सिडीकरण होतं. इथे पदार्थ तोच राहतो, फक्त द्रवाचा स्थायू होतो आणि म्हणूनच पिशवी पुन्हा वापरता येते. ग्राहकाला हे नीट सांगितलं, तर उकळताना स्फटिक पूर्ण का वितळवायचे ते त्याला आपोआप कळेल. आतल्या द्रवाचं वजनही छापलेलं नाही, आणि शेक किती वेळ पुरेल ते बरंचसं वजनावरच ठरतं.

सुरक्षेबद्दल वेष्टनावर एकच ओळ आहे, ती अपुरी वाटते. पन्नाशीच्या पुढचं तापमान उघड्या त्वचेवर टिकून राहिलं तर भाजतं, म्हणून मध्ये कापड हवंच. पिशवी लावून झोपू नका. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

घेणार असाल तर मोठ्या आकाराची घ्या. हाताच्या मुठीत मावणारी खांद्याला पुरत नाही. चकती दाबल्यावर लगेच खांद्यावर कापडासकट बसवा, म्हणजे घट्ट होताना ती खांद्याचा आकार घेते. आधीच कडक झाली असेल तर हातांनी चुरून मऊ करा, शिवणीला मात्र ताण देऊ नका.