आयसीटीसीचा अनुभव : मोहल्ल्यातल्या पोरांसाठी

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात कोण कुणाच्या दारात किती वेळ थांबला हे अख्ख्या जमातीला माहीत असतं. त्यात मला पुरुष आवडतात. एचआयव्हीची तपासणी गावाजवळ करणं शक्यच नाही, म्हणून मी दोन तालुके सोडून एका उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जातो.

तपासणी फुकट. आधार कार्ड मागितलं नाही. समुपदेशन करणाऱ्या ताई दार लावून बोलतात, आणि मी जातो तो त्यांच्यामुळेच. लग्न कधी करणार वगैरे काही नाही. थेट विचारलं, कंडोम वापरता का, सोबत काय लावता? ‘खोबरेल,’ मी म्हटलं. कोकणातल्या घरात दुसरं काय असणार! त्यांनी नीट समजावलं, तेलाने कंडोमचं रबर कमजोर होतं आणि तो फाटतो. पाण्याचा बेस असलेलं जेल घ्या. इतकी कामाची गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

आमच्यात एक समज घट्ट बसलाय, की मुलगा आपल्यातला, चांगल्या घरातला असला की कंडोम नको. ताई म्हणाल्या, ‘घराणं माहीत असतं हो, रक्तातलं कसं दिसणार?’ दुसरी भीती गल्फची. तिकडच्या नोकरीच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही बघतात, म्हणून इथला रिपोर्ट एजंटापर्यंत जाईल असं पोरांना वाटतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे असा रिपोर्ट तुमच्या संमतीशिवाय एजंटाला किंवा घरच्यांना देता येत नाही. हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

मला रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला. संबंध ताजा असेल तर निगेटिव्हवर विसंबू नका, तीन महिन्यांनी परत तपासा. आणि कंडोम फाटलाच तर ७२ तासांच्या आत पीईपीच्या (संबंधानंतर लागण रोखायच्या) गोळ्या सुरू करायच्या, २८ दिवस. तासातासाने फरक पडतो. रविवार आहे म्हणून थांबू नका, कॅज्युअल्टीत जा.

खटकलं ते बाहेरचं बाकडं. ऐन ओपीडीच्या वाटेवर, वर भलीमोठी पाटी. मावशी-खाला कुणीही समोरून येऊ शकते. निरोधचा डबाही रिकामा होता, जेल तर नाहीच. प्रेपची गोळी, जी नियमित घेतली तर लागण टळते, तिथे मिळाली नाही. मुंबईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घेतो. मच्छीवर जाणाऱ्या पोराला हे कसं परवडायचं? ती सरकारी दवाखान्यातच मिळायला हवी.

पाचपैकी चार तारे, चारही ताईंचे. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.