मॉस आणि रे यांचा तुलनात्मक तक्ता: वर्गीकरण उत्तम, संवर्धनाची ओळ सदोष

मॉस ही ओलसर जागी वाढणारी छोटी हिरवी वनस्पती आणि रे हा चपट्या शरीराचा मासा यांची तुलना करणारा, साताऱ्यातील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून जूनमध्ये घेतलेला हा लॅमिनेटेड भिंततक्ता दहावीला वर्गीकरण शिकवताना मी दोन महिने वापरला.

वर्गीकरणाचा भाग मनापासून आवडला. एका बाजूला वनस्पतीसृष्टी, ब्रायोफायटा (मॉसचा गट) आणि फ्युनारिया (एक मॉस), तर दुसऱ्या बाजूला प्राणीसृष्टी, समपृष्ठरज्जू संघ, कास्थिमत्स्य वर्ग आणि मांटा रे अशा दोन्ही उतरंडी शेजारी शेजारी छापल्यामुळे त्यांच्या वाटा पहिल्याच पायरीवर वेगळ्या होतात, हे मुलांना न सांगता दिसते. कोकणातल्या पाकटाचा हा नातलग म्हटल्यावर रे चटकन ओळखीचा झाला. मात्र ‘मांटा’ हे प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे (जीनस) नाव जुने आहे. २०१७ च्या संशोधनानंतर हा मासा ‘मोब्युला’ प्रजातीत गणला जातो.

अधिवासाची माहिती अचूक आहे. मॉसच्या पुंयुग्मकांना (नर प्रजननपेशींना) पोहत जाण्यासाठी पाणी लागते, म्हणून या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात, हे तक्त्यात नीट मांडले आहे. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचे पावसाळ्यातले हिरवे दगड पाहून आल्यावर मुलांना ते लगेच पटले.

खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. तिथे मॉससमोर ‘धोका नाही’ आणि रेसमोर ‘संकटग्रस्त’ एवढेच छापले आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जीवजातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या लाल यादीतील दर्जा एकेका जातीला मिळतो, संपूर्ण गटाला नाही. मॉसच्या सुमारे १२ हजार जातींपैकी फारच थोड्यांचे जागतिक मूल्यांकन झाले आहे, आणि मूल्यांकन न होणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. रेच्याही ६०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी राक्षसी मांटा रे २०२० मध्ये ‘असुरक्षित’ वरून ‘संकटग्रस्त’ ठरला, कारण कल्ल्यांच्या व्यापारासाठी आणि इतर माशांच्या जाळ्यांत सापडून तो मारला जातो, आणि मादी एका वेळी सहसा एकच पिल्लू देत असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. हे कारण तक्त्यात एका वाक्यात सहज मावले असते. ते नसल्यामुळे एका विद्यार्थिनीने सगळेच पाकट संपत चालले आहेत असे वहीत लिहिले, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती.

१८० रुपयांत छपाई आणि चित्रे चांगली आहेत, त्यामुळे वर्गीकरणासाठी तक्ता जरूर घ्यावा. शेवटच्या ओळीवर मात्र मी जातींची नावे आणि त्यांचे दर्जे लिहिलेली कागदी पट्टी चिकटवली असून, ही दुरुस्ती प्रकाशकांनाही लेखी कळवली आहे.